थकवा नाही हो मला

"थकवा? छे हो, थकवा नाही मला."

माझ्या प्रश्नावलीतल्या पहिल्या प्रश्नाला मिळालेलं हे पहिलं उत्तर. समोर बसलेल्या काकूंना मल्टिपल स्क्लेरोसिस होऊन अकरा वर्षं झाली होती. पाचच मिनिटांपूर्वी त्यांच्या सुनेने मला सांगितलं होतं, की सकाळी आंघोळ करून आल्या की त्यांना तासभर आडवं व्हावं लागतं. केस विंचरायला हातसुद्धा वर धरवत नाही. मी फॉर्मवर पेन टेकवून तशीच बसले.

"मग आंघोळीनंतर पडून का राहता?"

"ते होय? ते वेगळं. थकवा काम केल्यावर येतो बाळा. मी काय काम करते आता? हे आपलं आपोआप होतं. विहिरीवरची मोटर चालू असताना लाइट जाते बघ, तसं."

त्या दिवशी संध्याकाळी मी गाईड मॅडमना फोन केला आणि म्हटलं, आपलं भाषांतर चुकलंय. त्या म्हणाल्या, "एका पेशंटवरून?" मी म्हटलं, हो. तोपर्यंत त्या भाषांतरावर सात महिने गेले होते.

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट. पुण्यात पीएचडीला नाव घातलं, तेव्हा विषय ठरवायला फार डोकं खाजवावं लागलं नाही. पक्षाघाताचे पेशंट आमच्याकडे भरपूर, त्यांच्यावर काम करणारेही भरपूर. मल्टिपल स्क्लेरोसिसचे, म्हणजे एमएसचे, पेशंट महिन्याला चार-पाच येत. बहुतेक बायका, बहुतेक विशी ते चाळिशीतल्या. एकीची एका डोळ्याची नजर आठवडाभर धूसर होऊन परत आलेली, दुसरीच्या पायांना मुंग्या येऊन चप्पल कधी निसटली ते तिला कळलेलंच नाही. हातात एमआरआयची पिशवी, 'मेंदूवर पांढरे चट्टे आहेत' एवढं वाक्य, आणि चेहऱ्यावर, हे नाव आपण आधी कधी ऐकलंच कसं नाही, असा भाव. शेजारपाजारच्यांना 'एमएस' म्हटलं की सर्जनची डिग्री आठवते. एका मुलीच्या सासरी तर तिला कॉम्प्युटरचा काही कोर्स करायचाय असं दोन दिवस वाटत होतं.

आजाराबद्दल थोडक्यात सांगते. शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंवरचं मायलिनचं वेष्टण खरवडते. वायरीवरचं रबर गेलं की करंट जसा कुठे गळतो, कुठे अडतो, तसे मेंदूचे निरोप अडखळतात. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात शार्को या फ्रेंच न्यूरॉलॉजिस्टने १८६८ मध्ये या आजाराची नीट मांडणी केली. पुढे कितीतरी वर्षं तो थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचाच आजार मानला गेला. आपल्याकडे मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये पारशी समाजात हा आजार चांगलाच आढळतो हे दाखवलं, तेव्हा त्या समजुतीला तडा गेला. आता आमच्या ओपीडीत पारशी पेशंट क्वचितच दिसतो. साताऱ्याच्या, अहिल्यानगरच्या, बीडच्या बायका दिसतात.

औषधांनी नवे अटॅक कमी करता येतात, पण झालेलं नुकसान घेऊन चालायचं कसं, ओट्यापाशी उभं राहायचं कसं, हे आमचं खातं. आणि तिथे सगळ्यात मोठा अडथळा लुळ्या पायाचा असेल असं मला वाटायचं. पेशंट मात्र सांगायच्या दुसरंच, फक्त त्याला त्या थकवा म्हणत नव्हत्या.

थकवा मोजायला जगभर वापरली जाणारी एक नऊ प्रश्नांची छोटी प्रश्नावली आहे. लॉरेन क्रप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ती प्रसिद्ध केली. प्रत्येक विधानाला एक ते सात आकडा द्यायचा, की झालं. सोबत चालण्याबद्दलची बारा प्रश्नांची दुसरी एक घेतली, जेरेमी होबार्ट यांची, २००३ची. दोन्ही इंग्रजीत. माझ्या निम्म्याहून अधिक पेशंटना इंग्रजी वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं त्याही दुखणं मराठीतच सांगत. म्हणजे आधी भाषांतर करायचं, ते तपासायचं, आणि मगच माझा खरा अभ्यास सुरू. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे पीएचडीच्या आराखड्यात, मी भाषांतराला तीन महिने दिले होते. ते वाक्य आता वाचलं की हसू येतं.

प्रश्नावलीचं भाषांतर गोष्टीच्या भाषांतरासारखं एकटीने बसून करता येत नाही. त्याची ठरलेली रीत आहे, बीटन आणि इतरांनी २००० साली लिहून ठेवलेली, आणि परीक्षक त्याच कागदावर बोट ठेवून प्रश्न विचारतात. आधी हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी. मग मूळ भाषेतून दोघांनी स्वतंत्र भाषांतरं करायची, एक विषयातला जाणकार, दुसरा विषयाचा गंध नसलेला. दोन्ही जुळवून एक करायचं. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या दोघांनी ते उलट इंग्रजीत न्यायचं. मग समिती बसते. शेवटी तीस ते चाळीस माणसांना तो फॉर्म भरायला देऊन विचारायचं, या वाक्यातून तुम्हाला काय कळलं?

माझी जाणकार भाषांतरकार म्हणजे माझीच सीनियर. गंध नसलेली म्हणजे बँकेत नोकरी करणारी मामेबहीण. सीनियरने लिहिलं 'थकवा'. बहिणीने कुठे 'थकवा', कुठे 'दमणूक', कुठे 'गळून जाणं' असं लिहिलं, कारण शाळेत तिला शिकवलं होतं की एकच शब्द परत परत वापरू नये. इथे तर नऊच्या नऊ प्रश्नांत तोच एक शब्द आहे. तो चुकला की सगळंच चुकलं. आम्ही एकसारखेपणासाठी 'थकवा' ठेवला आणि पुढे गेलो.

उलट भाषांतरात गमती झाल्या. बहिणीचं 'हातपाय गळून जातात' तेवढं आम्ही एका जागी तरीही ठेवलं होतं. ते इंग्रजीतून असं परत आलं, की पेशंटचे हातपाय खरोखरच निखळून जमिनीवर पडतात. पहिल्या विधानात इंग्रजीत 'मोटिव्हेशन' आहे. सीनियरने 'प्रेरणा' घातलं. चाचणीत एका दादांनी वाचलं, 'थकवा आल्यावर माझी प्रेरणा कमी होते', आणि मान वर करून विचारलं, "प्रेरणा कोण? आमच्या भाचीचं नाव आहे ते." उत्साह, उमेद, इच्छा असं करत करत आम्ही 'काही करावंसं वाटत नाही' इथे पोचलो. शब्द गेला, पण अर्थ राहिला.

चालण्याच्या प्रश्नावलीत घरात चालताना आधार लागतो का असा प्रश्न आहे, म्हणजे फर्निचर धरावं लागतं का, काठी लागते का. आम्ही सरळ 'आधार' लिहिलं. एका ताईंनी पाचपैकी पाच दिले. त्या ताडताड चालत आल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "आधार आहे ना, नवऱ्याचा खूप आधार आहे मला." आणि 'फर्निचर' म्हटलं की दोन खोल्यांच्या घरातली बाई इकडेतिकडे बघते. तिच्या घरी सोफा नसतो, कपाट असतं, ओटा असतो, दाराची चौकट असते आणि भिंत असते. आमच्या पेशंटच्या घरी गेलं की भिंतीवर कमरेच्या उंचीला हाताच्या तेलकट डागांची एक रेघ दिसते, मोरीपासून खाटेपर्यंत. आम्ही लिहिलं, 'भिंत, ओटा, कपाट धरून किंवा काठी घेऊन'. धावण्याच्या प्रश्नावर एका आजींनी मला झापलंच. "या वयात नऊवारीत कुठे धावू गं?"

आकड्यांचंही तसंच. सात म्हणजे 'पूर्ण सहमत' हे शहरातल्या मुलींना कळलं. काहींना सात म्हणजे जास्त मार्क वाटले आणि त्यांनी भिडेखातर वाढवून दिले. एका सत्तरीच्या आजोबांनी, त्यांचा मुलगा पेशंट, मुलाच्या वतीने उत्तर देऊन टाकलं, "चौदा आणे खरं." मला ते इतकं आवडलं की सातची पट्टी टाकून आण्यांची पट्टी करावी असा विचार मी खरोखर केला. मॅडमनी नुसतं बघितलं माझ्याकडे.

एथिक्स कमिटीबद्दल, म्हणजे संशोधनाला परवानगी देणाऱ्या नैतिकता समितीबद्दल, आमच्यात नेहमी कुरकुरीनेच बोललं जातं. तारीख मिळत नाही, पंधरा प्रती मागतात. मला मात्र माझ्या अभ्यासातला सगळ्यात उपयोगाचा प्रश्न तिथेच मिळाला. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा समितीत डॉक्टरांबरोबर कायदा जाणणारी व्यक्ती असावी लागते, समाजशास्त्राची असावी लागते, आणि एक साधा, वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेला माणूसही. आमच्याकडे त्या खुर्चीत एक निवृत्त शिक्षक होते. बाकीचे नमुन्याच्या संख्येवर बोलत होते. हे चष्मा वर करून म्हणाले, "तुम्ही यांना चालायला लावणार, बरोबर? पण हे लोक इथे आल्यावर आधी किती वेळ बसू देणार?"

आम्ही प्रवासखर्च लिहिला होता. बसण्याचं लिहिलं नव्हतं.

त्यांच्या सांगण्यावरून अर्धा तास विश्रांती, पाणी आणि जवळचं स्वच्छतागृह असं प्रोटोकॉलमध्ये घातलं. पाणी आणि स्वच्छतागृह हे शब्द मी तेव्हा नुसती औपचारिकता म्हणून लिहिले. नंतर कळलं की निम्मं दुखणं तिथेच आहे. एमएसमध्ये लघवीवरचा ताबा बऱ्याच जणांचा सैल होतो. एसटीने येणारी बाई आदल्या रात्रीपासून पाणी पीत नाही, कारण वाटेत कुठे थांबता येईल याचा भरवसा नाही. मग ती कोरड्या घशाने, उन्हातून, स्वारगेटला उतरून, रिक्षाने, जिना चढून माझ्यापर्यंत येते, आणि मी घड्याळ घेऊन म्हणते, चला, चालून दाखवा.

कॉरिडॉरमध्ये मी पंचवीस फुटांवर, म्हणजे सात मीटर बासष्ट सेंटीमीटरवर, लाल टेप लावली होती. एमएसमधली ही नेहमीची चाचणी. शक्य तितक्या भरभर पण जपून चालायचं, सेकंद मोजायचे. टेप दर आठवड्याला वॉर्डच्या मावशी खरवडून काढत, कारण फरशीला चिकटून राहिलेली कुठलीही गोष्ट त्यांच्या लेखी घाण. शेवटी मी त्यांना चाचणी दाखवली, स्वतः चालून. त्यानंतर टेप राहिली, आणि पेशंट चालू लागली की त्या बादली बाजूला घेऊन दुसऱ्या टोकाला उभ्या राहायला लागल्या. हात पुढे धरून, मूल पहिल्यांदा चालताना धरतात तसे. चाचणीच्या नियमात ते बसत नाही. मी सांगितलं, हात खाली घ्या. घेतले त्यांनी, पण तिथून हलल्या मात्र नाहीत.

एप्रिलमध्ये आकडे बिघडले. एकीचा वेग फेब्रुवारीपेक्षा इतका उतरला की मला नवा अटॅक वाटला. न्यूरॉलॉजिस्टना दाखवलं, त्यांनी तपासलं, नवीन काही नाही. ऊन होतं फक्त. विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये टिपून ठेवलं होतं, की अशा रुग्णांची नजर श्रमानंतर तात्पुरती अधू होते. पुढे उलगडलं की दोष श्रमाचा नव्हता, अंगातल्या उष्णतेचा होता. वेष्टण गेलेल्या तंतूमधून निरोप आधीच कसाबसा जात असतो, शरीराचं तापमान जरा वाढलं तरी तो अडतो. अंग गार झालं की परत जातो. एमआरआय नव्हता त्या काळात निदानासाठी पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवत, म्हणे. म्हणजे आमच्या काकूंची आंघोळ. कढत पाण्याची, बंद मोरीत, पाटावर बसून. अकरा वर्षं त्या रोज सकाळी स्वतःवर तीच चाचणी करत होत्या.

मी त्यांना कोमट पाणी घ्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, कोमट पाण्याने आंघोळ केल्यासारखं वाटत नाही. यावर आमच्या दोन भेटी गेल्या.

तर तो शब्द. काकूंच्या उत्तरानंतर मी समिती परत बोलावली. न्यूरॉलॉजिस्ट, संख्याशास्त्राच्या मॅडम, चारही भाषांतरकार आणि एक निवृत्त मराठीचे प्राध्यापक. प्राध्यापकांनी 'क्लांती' सुचवला. शब्द सुरेख आहे, पण तो ओपीडीत म्हणून बघा. 'अशक्तपणा' घ्यावा तर लोक रक्त तपासायला आणि सलाईन लावायला निघतात. 'शीण' प्रवासाचा असतो, झोप झाली की जातो. 'मरगळ' पावसाळी हवेत सगळ्यांनाच येते. 'ग्लानी' तापातली. 'त्राण नसणं' जवळचं, पण 'त्राण नसण्यामुळे माझ्या कामात अडथळा येतो' हे वाक्य कुणाच्या तोंडात बसेना. दोन तास झाले तेव्हा माझ्या बहिणीने विचारलं, "ज्यांना होतंय त्यांना का नाही बोलावलं?" खरंच, टेबलाभोवती आठ माणसं होतो आणि त्यात पेशंट एकही नव्हता.

पुढच्या बैठकीला दोन पेशंट आल्या. त्यांनी वीस मिनिटांत सोडवलं. म्हणाल्या, शब्द थकवाच ठेवा, डॉक्टर तोच बोलतात. पण वर आधी लिहा की तुम्ही कुठल्या थकव्याबद्दल विचारताय. आता फॉर्मच्या माथ्यावर दोन ओळी आहेत. काही काम न करताही हातापायांतलं त्राण जाणं, गळून गेल्यासारखं होणं, झोप होऊनही ते न जाणं, याला इथे थकवा म्हटलं आहे. या दोन ओळी वाचून दाखवल्यावर काकूंनी पहिल्या विधानाला सातपैकी सहा दिले. "सातवा ठेवते शिल्लक," म्हणाल्या. "मे महिन्यासाठी."

व्यायामाचा टप्पा त्यानंतरचा, त्याबद्दल इथे फार लिहीत नाही. तो सीटीआरआयवर, म्हणजे देशाच्या चाचण्यांच्या नोंदवहीत, पहिला पेशंट घेण्याआधी नोंदवावा लागला, आणि त्यांच्या शंकांना उत्तरं देण्यात पावसाळा संपला. एवढं सांगते, की आजही मला असे पेशंट भेटतात ज्यांना कुणीतरी 'व्यायाम करू नका, नुसती विश्रांती घ्या' असं सांगितलेलं असतं. जुनी समजूत आहे ती, उष्णतेच्या भीतीतून आलेली. अमेरिकेत युटामध्ये पेटाजन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चोपन्न रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या काहींनी पंधरा आठवडे, आठवड्यातून तीनदा, हातापायांनी सायकलसारखं यंत्र चालवलं. ताकद वाढली, दमसास वाढला, आजार काही उसळला नाही. आमच्याकडे यंत्र नाही. खुर्चीवरून उठबस, पायरीची चढउतार, मानेवर ओला पंचा, पंखा, आणि वेळ सकाळी सातच्या आत. ओट्यासमोर उंच स्टूल ठेवून बसून भाजी चिरायला बायका चटकन तयार होत नाहीत. बसून स्वयंपाक म्हणजे आळस. स्टूल स्वीकारायला पायरीच्या व्यायामापेक्षा जास्त आठवडे लागतात.

हा 'आळस' शब्द तीस-बत्तीस घरांत मी ऐकला असेन. आजार दिसत नाही. प्लास्टर नाही, टाके नाहीत. सकाळी भरभर चालणारी सून दुपारी पडून राहते. दिव्यांग हक्कांच्या २०१६च्या कायद्याच्या यादीत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, पण ते घरातल्यांना कोण सांगणार?

शेवटची पायरी होती पुनर्चाचणी. प्रश्नावली भरवशाची आहे का हे बघायला त्याच माणसाला आठवड्याने तोच फॉर्म द्यायचा. प्रकृतीत बदल नसेल तर आकडे साधारण तेच यायला हवेत. साताऱ्याकडच्या एका ताईंचा पहिला फॉर्म मी त्यांच्या घरी जाऊन भरून घेतला. घरी त्या अंगणात किती सहज चालत होत्या. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये त्यांचे जे आकडे मी लिहिले होते ते एसटीचे होते, रिक्षाचे होते, न प्यायलेल्या पाण्याचे होते. थकव्याच्या नऊ विधानांना मात्र त्यांनी जवळजवळ सगळीकडे सात दिले. निघताना माझ्या पिशवीतला एक कोरा फॉर्म त्यांच्या खाटेवर राहिला. चूक माझीच, कोरे फॉर्म मोजून परत आणायचे असतात.

आठवड्याने गेले. आकडे चार आणि पाच. मी पान उलटून बघितलं, फॉर्म दुसऱ्याचा तर नाही? पुनर्चाचणीत एक ठरलेला प्रश्न असतो, गेल्या आठवड्यात तब्येतीत किंवा दिनक्रमात काही बदल झाला का? त्या हसल्या. म्हणाल्या, तो कागद सासूबाईंच्या हाती लागला. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, छापलेलं सगळं वाचतात. वाचून झाल्यावर नातवाला विचारलं, हे पुण्याहून आलंय का? हो म्हटल्यावर दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढे स्वतःच बसल्या. "भाकरी त्या करतात आता. मी भाजी बघते, बसून."

"म्हणजे बदल झाला," मी म्हटलं.

"झाला की."

नियम स्पष्ट आहे. मधल्या काळात परिस्थिती बदललेल्यांचे आकडे पुनर्चाचणीच्या हिशेबात धरत नाहीत. मी 'हो'वर खूण केली, समोरच्या ओळीत 'भाकरी सासूबाई करतात' असं लिहिलं, आणि त्यांचा फॉर्म वगळलेल्यांच्या फाइलीत लावला.